चाकुलियाची धावपट्टी नक्की कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरकडचे एक गृहस्थ नोकरीनिमित्त जमशेदपूरला राहतात. झारखंडमधल्या चाकुलियाजवळ त्यांना एक लांबलचक, तडे गेलेली सिमेंटची धावपट्टी दिसली. तिथल्या लोकांनी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या: ही जपान्यांनी बांधली, ही आशियातली सर्वांत मोठी होती, आणि हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान इथूनच उडालं. यातलं खरं किती, आणि या तळाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलंय.

माझी नोकरी धावपट्ट्यांच्या बांधकामात आणि दुरुस्तीत गेली. युद्धकाळातल्या सोडून दिलेल्या तळांचे कागद हुडकण्याचा नाद त्यातूनच लागला, तो निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या तीन गोष्टींचा निकाल लावू. जपानी फौजा चाकुलियाच्या जवळपासही आल्या नव्हत्या, तेव्हा बांधकामाचा प्रश्नच नाही. आशियातली सर्वांत मोठी हा मान तर पूर्व भारतातल्या बहुतेक प्रत्येक पडीक धावपट्टीला तिथले लोक देतात. चाकुलियासह खडगपूरच्या आसपासच्या तळांच्या धावपट्ट्यांची लांबी अमेरिकेच्या बी-२९ बॉम्बफेकी विमानांसाठी १९४४ मध्ये ७,५०० फूट, म्हणजे सुमारे २,२८५ मीटर करायचं ठरलं होतं. त्याच विमानांसाठी त्याच वर्षी चीनमध्ये चेंगडूभोवती बांधलेल्या धावपट्ट्या साधारण ८,५०० फुटांच्या होत्या. मग आशियात पहिला नंबर कसा लागेल? अणुबॉम्बची गोष्ट मात्र नुसती झटकून टाकण्यासारखी नाही. ती चूक आहे, पण कशी तयार झाली ते समजतं. तिच्याकडे पुढे येतो.

माझ्या मते तुमची खरी अडचण वेगळी आहे. ‘या धावपट्टीचा इतिहास काय’ असं विचारलं की उत्तर एकच असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिथे चार वेगळ्या हकीकती आहेत: जमीन कोणाची होती आणि कशी घेतली, बांधली कोणी आणि कितीदा, वापरली कोणी, आणि युद्ध संपल्यावर काय झालं. प्रत्येकीचे कागद वेगळ्या गावात, वेगळ्या सरकारच्या दप्तरात. लोक विमानांच्या मागे लागतात, कारण ती माहिती घरबसल्या मिळते. जमिनीच्या वाट्याला कोणी जात नाही. मला विचाराल तर तोच भाग सर्वांत मोलाचा आहे आणि तोच सर्वांत आधी नाहीसा होतोय.

तरी विमानांपासूनच सुरुवात करतो, कारण त्यामुळे तारखांची चौकट मिळते.

डिसेंबर १९४२ च्या अखेरीला अमेरिकी हवाई दलाचा ३४१ वा बॉम्बर ग्रुप कराचीजवळच्या मालीर छावणीतून चाकुलियाला आला. त्यांच्याकडे बी-२५ मिचेल ही दोन इंजिनांची मध्यम पल्ल्याची विमानं होती आणि काम होतं ब्रह्मदेशातले रेल्वेपूल, यार्ड आणि रसद तोडण्याचं. जानेवारी १९४४ मध्ये हा ग्रुप चीनमधल्या कुनमिंगला गेला. म्हणजे १९४२ संपताना इथे विमान उतरण्याजोगी पट्टी होती, एवढं पक्कं. लोकांच्या आठवणीत या वर्षाचा मागमूस नसतो, कारण पुढे जे आलं त्याचा आवाज फार मोठा होता.

ते होतं बी-२९ सुपरफोर्ट्रेस. पंखांचा विस्तार ४३ मीटर, पूर्ण भरलेलं वजन साठ टनांच्या घरात. बी-२५ चं वजन भरून सोळा टनांच्या आसपास. धावपट्टीच्या माणसाला हे दोन आकडे शेजारी दिसले की पुढचं सांगावं लागत नाही. पहिल्या विमानासाठी केलेली पट्टी दुसऱ्याखाली टिकणार नाही. लांबी वाढवावी लागणार, फरसबंदी जाड करावी लागणार, विमानं उभी करायच्या जागा पार बदलाव्या लागणार. १९४३ च्या शेवटापासून हेच काम सुरू झालं. चाकुलिया, पियारडोबा, दूधकुंडी, कलाईकुंडा आणि खडगपूर असे पाच तळ यासाठी निवडले होते. अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी पलटणी आल्या, त्यांतल्या काही कृष्णवर्णीय सैनिकांच्या होत्या. यंत्रं अपुरी आणि उशिरा आली. त्यामुळे माती, खडी आणि पाटीचं काम हजारो स्थानिक मजुरांनी केलं, बायकांनीही. हुगळीकाठच्या बजबज बंदरापासून इंधनाची पाइपलाइन टाकली गेली. दूधकुंडी वेळेत तयार झालं नाही म्हणून ४४४ व्या ग्रुपला आधी पुरुलियाजवळच्या चर्रा इथे राहावं लागलं.

हीच जागा का निवडली, हे नकाशा समोर ठेवला की उलगडतं. कलकत्ता बंदर जवळ, बंगाल-नागपूर रेल्वेची मुख्य लाइन दाराशी, आणि जपानी बॉम्बफेकी विमानांच्या सोयीच्या टप्प्यापासून बरंच मागे. कलकत्त्यावर डिसेंबर १९४२ मध्ये बॉम्ब पडले होते आणि डिसेंबर १९४३ मध्ये खिदिरपूरच्या गोद्यांवर पडले. मुंबई-हावडा गाडीने तुम्ही नागपूरहून आला असाल तर टाटानगर सोडल्यावर घाटशिला, धालभूमगढ, चाकुलिया अशी स्टेशनं लागतात. तेव्हा रसदही याच रुळांवरून यायची.

२ एप्रिल १९४४ ला भारतातलं पहिलं बी-२९ उतरलं ते चाकुलियालाच. चालवत होते ४० व्या बॉम्बर ग्रुपचे कर्नल लिओनार्ड हार्मन. बाकीची विमानं कॅन्ससहून मोरोक्को, कैरो, कराची या वाटेने येत राहिली. राइट कंपनीचं आर-३३५० इंजिन तापायचं. कराचीच्या उन्हाळ्यात एप्रिलच्या मध्याला लागोपाठ अपघात झाले आणि काही दिवस सगळी उड्डाणं थांबवावी लागली. चाकुलियातही एप्रिल-मेमध्ये दुपारी विमानाच्या पत्र्याला हात लावणं अशक्य असायचं, म्हणून दुरुस्तीची कामं पहाटे आणि रात्री चालत.

इथून पुढे तळाची रोजची दिनचर्या समजून घ्या, कारण गावातल्या आठवणी याच्याच आहेत. जपानवर हल्ला करायला भारतातून पल्ला पुरत नव्हता. म्हणून विमानं आधी हिमालयाची पूर्वेकडची रांग ओलांडून चेंगडूला जात. चाकुलियाच्या ग्रुपचा तिथला पुढचा तळ सिनचिंग. पण चेंगडूला पेट्रोल नव्हतं, बॉम्ब नव्हते, काहीच नव्हतं. सगळं भारतातून उडवून न्यायचं. एका विमानाने एकदा जपानवर जायचं, तर त्याआधी नुसतं पेट्रोल पोहोचवायला अनेक खेपा माराव्या लागत. तेव्हा गावकरी ज्या विमानांबद्दल ‘दिवसरात्र उडायची’ असं सांगतात, त्यांतली बरीच लढाईला निघालेली नसत, टँकरचं काम करत असत.

पहिली खरी मोहीम ५ जून १९४४ ची, बँकॉकच्या मक्कासन रेल्वे कारखान्यावर. भारतातल्या या तळांवरून ९८ विमानं उठली. पाच गमावली, तीही शत्रूच्या माऱ्याने नव्हे, बिघाडाने आणि अपघाताने. १५ जूनच्या रात्री चेंगडूहून जपानमधल्या यावाटाच्या पोलाद कारखान्यावर हल्ला झाला. या सगळ्या ग्रुपांवर २० वी बॉम्बर कमांड होती. ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकी जनरल कर्टिस लेमे यांनी तिची सूत्रं घेतली. कमांडचं मुख्यालय खडगपूरजवळ हिजलीच्या जुन्या बंदीशाळेच्या इमारतीत होतं. १९५१ मध्ये त्याच जागेत देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. ५ नोव्हेंबर १९४४ ला भारतातून थेट सिंगापूरच्या नौदल गोदीवर हल्ला झाला, तो पल्ला जाऊन-येऊन सहा हजार किलोमीटरच्या आसपासचा. जानेवारी १९४५ मध्ये खुद्द चाकुलियाच्या तळावर विमानातले बॉम्ब हाताळताना स्फोट होऊन माणसं दगावली. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने ‘बापाने सांगितलेला मोठा धमाका’ म्हटलं, तर त्याला जपानी हल्ला समजू नका. बहुधा हा स्फोटच असेल.

आता अणुबॉम्ब. १९४५ च्या सुरुवातीपासून भारतातले हे ग्रुप पॅसिफिकमधल्या मरियाना बेटांवर हलवले गेले. चाकुलियाचा ४० वा ग्रुप टिनियन बेटावर वेस्ट फील्ड या तळावर गेला. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब टाकणारी विमानंही टिनियनवरूनच उडाली, पण ती नॉर्थ फील्डवरून, आणि ती ५०९ व्या कॉम्पोझिट ग्रुपची होती. हा ग्रुप भारतात कधी आलाच नाही. विमानाचा प्रकार तोच, बेट तेच, तुकडी वेगळी. अफवेला एवढा धागा भरपूर झाला. तुमच्या लेखात ‘लोकांचा गैरसमज’ म्हणून हे एका ओळीत उडवू नका, असा दुवा दाखवून लिहा. गावकऱ्यांनाही ते पटतं, असा माझा अनुभव आहे.

ही सगळी माहिती मिळते कुठून? अमेरिकी तुकड्यांचे मासिक अहवाल अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या हवाई दलाच्या इतिहास संस्थेत आहेत आणि मायक्रोफिल्मच्या स्कॅन प्रती मागवता येतात. छायाचित्रं आणि नकाशे मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तळ ब्रिटिश हवाई दलाचा असता तर लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एअर २७ म्हणजे स्क्वाड्रनच्या आणि एअर २८ म्हणजे स्टेशनच्या नोंदवह्या बघायला सांगितल्या असत्या. कोणतं दार ठोठवायचं हे तळ कोणाच्या ताब्यात होता यावर ठरतं, म्हणून आधी तुकडी ओळखायची आणि मगच पत्र लिहायचं.

शोधताना स्पेलिंगने फसाल. अमेरिकी कारकुनांनी दूधकुंडी निदान दोन-तीन तऱ्हांनी लिहिलंय. खडगपूर म्हणून नोंदलेली धावपट्टी प्रत्यक्षात सालुआची. आणि घाईत वाचणारे चाकुलिया आणि आसामातलं चाबुआ यांची गल्लत हमखास करतात. चाबुआ हा वाहतुकीचा मोठा तळ होता, त्याची हकीकत अगदीच निराळी. जवळचा धोका आणखी एक: धालभूमगढलाही युद्धकाळातली पट्टी आहे, नव्या विमानतळाच्या प्रस्तावामुळे ती अधूनमधून बातम्यांत असते, आणि बातमीदार दोन्हींचा इतिहास सर्रास एकत्र करतात.

प्रत्यक्ष जागेवर काय बघायचं, ते आता माझ्या धंद्यातलं सांगतो. धावपट्टीवर उभं राहून फोटो काढून परत येणारे खूप. तुम्ही कडेने चाला. ज्या तळांची लांबी नंतर वाढवली, तिथे मूळ टोक आणि वाढीव भाग यांचा जोड बहुतेक वेळा ओळखू येतो: काँक्रीटच्या लाद्यांचं माप बदलतं, खडीचा रंग बदलतो, तडे वेगळ्या दिशेने जातात. कुठे कडेची लादी फुटलेली असेल तर तिची जाडी टेपने मोजा. मधल्या भागात आणि टोकाला वेगळी जाडी मिळाली तर त्याची नोंद करा, कारण विमान पूर्ण भार घेऊन सावकाश फिरतं ते टोकाला, आणि तिथेच फरसबंदी जाड केलेली असते. मग मुख्य पट्टीपासून फुटणाऱ्या वाटा धरा. त्या गोल किंवा पळीच्या आकाराच्या सिमेंटच्या चौथऱ्यांपाशी संपतात. हल्ला झाला तर एकदम सगळी विमानं जाऊ नयेत म्हणून ती अशी विखरून उभी करत. या चौथऱ्यांचं माप घेतलंत तर तिथे बी-२५ मावत होतं की बी-२९, ते कागदाशिवाय कळेल.

बरॅकी शोधायला जाऊ नका. तिथली बहुतेक माणसं बांबू-गवताच्या बाशांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्ये राहत. चार-दोन पावसाळ्यांत त्यांची माती होते. उरतात ते जोते, पाण्याच्या टाक्यांचे पाये, गटारं, आणि पट्टीपासून मुद्दाम दूर, मातीच्या बांधाआड ठेवलेल्या बॉम्ब-साठ्याच्या जागा. ‘इथून भुयार आहे’ असं कोणी सांगितलं तर बघायला जरूर जा. पण आजवर मला दाखवलेलं प्रत्येक भुयार पावसाचं पाणी काढणारी मोरी निघालेलं आहे.

उपग्रहचित्रांपैकी आजची तर बघालच. त्यासोबत अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांनी १९६० च्या दशकात काढलेली चित्रं बघा. ती १९९५ मध्ये खुली झाली आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यांत शेतांनी आणि घरांनी गिळलेले चौथरे अजून स्वच्छ दिसतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत चाकुलियाचा भाग ७३ जे या पत्रकात येतो. अमेरिकी लष्करी नकाशा विभागाची यू-५०२ ही १९५० च्या दशकातली नकाशामाला टेक्सास विद्यापीठाने फुकट उपलब्ध करून दिलेली आहे.

आता जमीन. इथे माझं बोलणं जरा सावध असेल, कारण यात गावागणिक फरक पडतो. युद्धकाळात सरकारने भारत संरक्षण नियमांखाली जमिनी घेतल्या, पण दोन तऱ्हांनी. एक, तात्पुरता ताबा: मालकी शेतकऱ्याची, वापर सरकारचा, भाडं किंवा भरपाई ठरवून. दोन, कायमचं संपादन: मालकीच सरकारची. एकाच तळाखाली दोन्ही प्रकारच्या जमिनी सापडतात. पट्टीखालची संपादित आणि चौथऱ्यांखालची ताब्यात घेतलेली, असंही असतं. युद्ध संपल्यावर ताबा लगेच सुटला नाही. १९४७ मध्ये तो चालू ठेवणारा कायदा झाला, पुढे १९५२ चा स्थावर मालमत्तेचा अधिग्रहण कायदा आला. या दरम्यान कोणती जमीन परत गेली, कोणती संरक्षण खात्याकडे राहिली आणि कोणती नुसती विसरली गेली, हे प्रत्येक सर्व्हे नंबरला वेगळं आहे. आपल्याकडचं उदाहरण कल्याणजवळच्या नेवाळीचं. युद्धकाळात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनीवरून तिथे जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या कागदावरून. म्हणून म्हणतो, गावात गेल्यावर पहिल्याच भेटीत ‘ही जमीन कोणाची’ असं विचारू नका. तुम्ही इतिहासासाठी विचारता आहात, समोरच्याला तुम्ही मोजणीला आलेले सरकारी माणूस वाटाल.

चाकुलियाचे जमिनीचे कागद कलकत्त्यात शोधू नका, ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. दूधकुंडी, सालुआ हे तळ तेव्हाच्या बंगालमधल्या मिदनापूर जिल्ह्यातले, पियारडोबा बाँकुड्यातलं. चाकुलिया मात्र बिहार प्रांतातल्या सिंहभूम जिल्ह्याच्या धालभूम भागात. सिंहभूमचं ठाणं चाईबासा. पूर्व सिंहभूम वेगळा होऊन जमशेदपूर मुख्यालय झालं ते १९९० मध्ये. त्यामुळे जुने खतियान, म्हणजे जमिनीच्या हक्काचे उतारे, आणि संपादनाच्या फायली जमशेदपूर किंवा चाईबासाच्या अभिलेख कक्षात, आणि प्रांतिक पातळीवरचा पत्रव्यवहार पाटण्याच्या बिहार राज्य अभिलेखागारात असण्याची शक्यता जास्त. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची यादी ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते, तिथे संरक्षण खात्याच्या फायलींत तळाच्या नावाने एकदा शोधून पाहा. तुम्ही जमशेदपूरलाच आहात, ही मोठी सोय आहे. विमानांचे कागद जगात कुठूनही मागवता येतात, खतियानासाठी मात्र माणूस कचेरीत बसावा लागतो.

आणि १९४५ ला थांबू नका. १९७१ मध्ये चाकुलियात मुक्तिवाहिनीच्या तरुणांना लष्करी प्रशिक्षण दिलं गेलं. बांगलादेशात अनेक स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत ‘चाकुलिया’ हे नाव येतं, आणि तिथल्या काही जणांना ते आपल्यापेक्षा जास्त ओळखीचं आहे. गावातल्या पन्नाशी-साठीच्या माणसाने ‘फौज होती, गोळीबाराचा सराव चालायचा’ असं सांगितलं, तर तो घरात ऐकलेलं १९७१ सांगतोय. त्याच्या आजोबांचं सांगणं १९४४ चं. दोन्ही एकाच दमात सांगितलं जातं. तुम्ही वर्ष विचारू नका, वर्ष कोणाला आठवत नाही. घरात तेव्हा कोण जन्मलं होतं, लग्न कोणाचं झालं होतं, सैनिक कोणती भाषा बोलत होते, ते विचारा. तेवढ्यावरून काळ बराच नेमका लावता येतो.

शेजारच्या तळांचं पुढे काय झालं, तेही लेखात घ्या. त्यावरून चाकुलियाचं वेगळेपण दिसेल. कलाईकुंडा आज भारतीय हवाई दलाचा मोठा तळ आहे. दूधकुंडीला हवाई दलाचं सरावाचं मैदान आहे. सालुआत ईस्टर्न फ्रंटियर रायफल्सचं ठाणं आहे. उत्तरेला नदिया जिल्ह्यातल्या धुबुलियाच्या युद्धकालीन तळावर फाळणीनंतर निर्वासितांची मोठी छावणी उभी राहिली. म्हणजे यातला प्रत्येक तळ कोणी ना कोणी उचलला. चाकुलियाची पट्टी मात्र कायमची कोणाचीच झाली नाही, आणि असं का झालं, हा मला तुमच्या लेखाचा सर्वांत चांगला प्रश्न वाटतो. याचं उत्तर विमानांच्या नोंदींत मिळणार नाही, जमिनीच्या आणि संरक्षण खात्याच्या फायलींतच मिळेल.

कामाचा क्रम म्हणाल तर मी असा लावला असता: आधी उपग्रहचित्रं आणि नकाशे घरी बसून, मग एकदा जागेवर नुसतं चालणं आणि मापं, मग जुन्या माणसांशी गप्पा, त्यानंतर कचेरी. अमेरिकेला पत्र पहिल्याच दिवशी टाका, कारण उत्तराला वेळ लागतो. जागेवर जाण्याआधी जमीन सध्या कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे ते अंचल कार्यालयात, म्हणजे आपल्या तहसील कचेरीसारख्या कचेरीत, विचारून घ्या. संरक्षण खात्याची असेल तर परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका. मापं घेताना गावातला एखादा मुलगा बरोबर ठेवा, संथाली बोलणारा असेल तर उत्तम.